कंटूरच्या मधलं सारेक

सारेकमध्ये रस्ता नाही, झोपायला हट नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि एक दक्षिणेचा कोपरा सोडला तर खुणा केलेली पायवाटसुद्धा नाही. नकाशा मात्र आहे, आणि खरं सांगायचं तर आम्ही गेलो ते बऱ्यापैकी त्या नकाशापायीच. स्वीडनच्या पार उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्या वर, नॉर्वेच्या सीमेजवळचा हा डोंगराळ नॅशनल पार्क, सुमारे १९७० चौरस किमी, १९०९ साली जाहीर झालेला, युरोपातल्या अगदी पहिल्या पार्कांपैकी. आत शंभरच्या आसपास हिमनद्या. मी स्टॉकहोमला जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामात आहे, दिवसभर स्क्रीनवर उंचीचे मॉडेल गोल गोल फिरवायचे आणि पगार घ्यायचा, तर एकदा ते मॉडेल पायाखाली घालून बघू असं ठरलं.

सोबत दोघं. एक पुण्याचा मित्र, हल्ली यॉतेबोर्गला असतो, सह्याद्री पालथा घातलाय आणि ते दर अर्ध्या तासाने सांगतो. दुसऱ्या आमच्या ऑफिसातल्या सीनियर, मूळच्या लुलेओच्या, पन्नाशी कधीच ओलांडलेली, आयुष्य सर्व्हेच्या कामात गेलेलं. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात पण आम्ही दोघं आपापसात त्यांना बाईच म्हणतो, जीभ वळत नाही दुसरं.

शनिवार, रितसेम आणि तलाव

नाईट ट्रेनने येल्लिवारे, तिथून ९३ नंबरची बस, ती जाते जाते जातेच, आणि रस्ता संपतो तिथे रितसेम. समोर आक्कायाउरे तलाव, पलीकडे आक्का डोंगर, वर ढग. बोटीने पलीकडे जायचं.

बोटीची वाट बघताना पहिला गमतीचा विषय सुरू झाला. नकाशात हा तलाव किती छान निळा आणि ठाम काठाचा दिसतो! प्रत्यक्षात काठ म्हणजे नुसता राखाडी दगडांचा उतार, कारण हे सुओर्वाच्या धरणाचं पाणी. धरण १९२० च्या आसपासचं, नंतर अजून वाढवलेलं, आणि पाण्याची पातळी ३० मीटरपर्यंत खालीवर होते, समुद्रसपाटीपासून ४२३ ते ४५३ मीटर. उन्हाळा सुरू होताना तलाव खाली असतो, मग बर्फ वितळून भरत जातो. म्हणजे नकाशातली काठाची रेघ ही तलाव भरला तर कुठे येईल याची रेघ. नकाशात दर वीस मीटर उंचीला एक कंटूर, म्हणजे समान उंचीची रेघ, असते; त्यातला एक अख्खा टप्पा आणि दुसरा अर्धा यात बुडून जातो. आणि १९०९ ला शेजारीच जो दुसरा नॅशनल पार्क केला होता तो ज्या धबधब्यासाठी केला त्याचंच पाणी या धरणाने पळवलं, हे बाईंनी अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं.

मित्राने तेवढ्यात माझा छोटा जीएनएसएस रिसीव्हर (जीपीएससारख्या सॅटेलाईटवरून जागा आणि उंची काढणारा) काढून पाण्याच्या कडेला धरला आणि म्हणाला, "अरे हे तर तीसेक मीटर जास्त दाखवतंय, बिघडलं का?" बिघडलं नव्हतं. सॅटेलाईटवरून येणारी कच्ची उंची ही पृथ्वीच्या गणिती आकारावरची असते, ज्याला एलिप्सॉईड म्हणतात, आणि आपण ज्याला समुद्रसपाटी म्हणतो तो जिऑईड, गुरुत्वाकर्षणाने ठरलेला. स्वीडनच्या या भागात दोघांत साधारण तेवढाच फरक पडतो. फोनमधलं अॅप ते गुपचूप वजा करून दाखवतं म्हणून कुणाला कळत नाही. स्वीडनची अधिकृत उंची आरएच २००० नावाच्या सिस्टिममध्ये असते आणि त्यातलं २००० हे साल मुद्दाम आहे, कारण हिमयुगाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन अजून वर येतेय, बोथनियाच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर तर वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर. उंची सांगायची तर कुठल्या सालची तेही सांगावं लागतं.

रात्री आक्काच्या हटजवळ तंबू. ऑगस्ट असल्याने काळोख असा होतच नाही, नुसतं निळसर. डास कमी झालेले. मेतकूट भात.

रविवार, किसुरिस

शेजारच्या पायेलांता पार्कच्या मार्क केलेल्या ट्रेलवरून चाल. बर्चची बुटकी झाडं, लाकडी फळ्या, चिखल, परत फळ्या. किसुरिसची हट हे शेवटचं छप्पर. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

सोमवार, रुओत्तेसवाग्गे

ट्रेल सोडला आणि दक्षिण-पूर्वेला वळलो. नियाक डोंगर डाव्या हाताला ठेवून आत शिरलं की रुओत्तेसवाग्गेची रुंद दरी उघडते, आणि डावीकडे सारेकचोक्काचा सगळा पसारा, २०८९ मीटर, स्वीडनमध्ये याच्याहून उंच फक्त केबनेकाइसे. आपल्याला २०८९ ऐकून काही वाटत नाही, कळसूबाई १६४६ आहे म्हणजे थोडाच जास्त, असं मित्र म्हणालाच. पण इथे झाडं साधारण सहाशे-सातशे मीटरलाच संपतात आणि त्याच्या वरचं सगळं दगड नाहीतर बर्फ.

या शिखरावर पहिल्यांदा चढल्याची नोंद आहे ती १८७९ ची, आणि चढणारा गिर्यारोहक नव्हता, टोपोग्राफर होता, गुस्ताव विल्हेल्म बुख्त. नकाशाच्या कामासाठी वर गेला. पुढच्याच वर्षी त्यानेच मोजून सांगितलं की केबनेकाइसे याच्याहून उंच आहे. म्हणजे तोपर्यंत देशातलं सगळ्यात उंच शिखर कुठलं हेच नक्की नव्हतं, आणि तेव्हा स्टॉकहोमला रेल्वे होती, टेलिग्राफ होता! त्या काळच्या लष्करी नकाशात हा उत्तरेचा भाग १:२,००,००० स्केलवर आला, जेव्हा दक्षिणेकडची शेतं त्याच्या दुप्पट स्केलवर काढली जात होती. साहजिक आहे, शेतसारा वसूल व्हायचा तिकडे मोजणी आधी.

काम करायची पद्धत तीच जी आपल्याकडे विल्यम लॅम्बटनने त्याच्या कितीतरी आधी दख्खनमध्ये वापरली (लॅम्बटन १८२३ मध्ये काम चालू असतानाच वारला, कबर आपल्या हिंगणघाटला आहे, वर्ध्याच्या लोकांनी बघितली असेल). एक बेसलाईन काटेकोर मोजायची, मग फक्त कोन मोजत मोजत त्रिकोणांनी देश पांघरायचा. फरक एवढाच की दख्खनमध्ये उन्हाच्या झळांनी दुर्बिणीतलं शिखर हलतं आणि इथे शिखर दिसतच नाही. आम्हाला सारेकचोक्काचा माथा त्या दिवशी जेमतेम चहा होईपर्यंत दिसला. बुख्तला थिओडोलाईट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून, लेव्हल करून, पाच-सहा शिखरांचे कोन घ्यायला सगळी शिखरं एकाच वेळी उघडी लागायची. किती दिवस नुसते तंबूत गेले असतील.

केबनेकाइसेचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्याचं दक्षिण शिखर म्हणजे वरती बर्फाची टोपी आहे, आणि ती वितळत वितळत २०१९ च्या उन्हाळ्यात उत्तर शिखराच्या खाली गेली. उत्तर शिखर खडकाचं, २०९६.८ मीटर, ते काही हलत नाही. शाळेच्या पुस्तकातलं उत्तर बदलावं लागलं. बाई म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी पाठ केलेला आकडा २११७ होता आणि त्यांना अजूनही तोच पटकन आठवतो.

मुक्काम दरीत, रेनडिअर राखणाऱ्या सामी लोकांच्या (इथले मूळ रहिवासी) एका बंद हटच्या पुढे थोडा. लांबवर रेनडिअरचा मोठा कळप उतारावरच्या बर्फाच्या पट्ट्यावर उभा होता, माश्यांपासून सुटका म्हणून ते बर्फावर जातात म्हणे.

मंगळवार, पाऊस

दिवसभर पाऊस. तंबूत.

सकाळी सहाला माझ्या घड्याळातल्या आल्टिमीटरने सांगितलं की आम्ही रात्रीत चाळीस मीटर वर चढलोय. घड्याळ हवेचा दाब बघतं, आणि दाब एक हेक्टोपास्कल पडला की घड्याळाला वाटतं आपण साधारण आठ मीटर वर गेलो. तर पाच हेक्टोपास्कल पडले होते आणि त्याचं फळ बाहेर धो धो पडत होतं. जुने लोक उंची बॅरोमीटरनेच काढायचे, म्हणून खाली गावात एक माणूस ठेवून त्याच वेळी तिथलाही दाब लिहून घ्यायचे, नाहीतर हवामान आणि डोंगर यांतलं काय मोजलं तेच कळणार नाही.

मग सारेकचा नकाशा काढणाऱ्या आक्सेल हाम्बेर्गच्या गप्पा निघाल्या, कारण त्याच्या फोटोंचे प्रिंट मी प्लास्टिकमध्ये घालून आणले होते. हा माणूस १८६३ चा, मूळचा मिनरल्सवाला, वयाच्या विशीत ध्रुवीय संशोधक नोर्डेनशेल्डच्या १८८३ च्या ग्रीनलँड मोहिमेत हायड्रोग्राफर म्हणून गेलेला, पुढे उप्साला युनिव्हर्सिटीत भूगोलाचा प्रोफेसर. १८९५ ला तो सारेकमध्ये आला आणि मग येतच राहिला, १९३० च्या आसपासपर्यंत, तीसपेक्षा जास्त वर्षं एकाच डोंगररांगेचा पिच्छा. नकाशा, हिमनद्या, हवामान, नद्यांचं पाणी, सगळं. सारेक नॅशनल पार्क व्हावा म्हणून जोर लावणाऱ्यांतही तो होता.

त्याची नकाशाची पद्धत मला फार आवडते. कॅमेरा स्वतः डिझाईन केलेला, थिओडोलाईटसारखा ट्रायपॉडवर अगदी लेव्हल बसणारा, आत काचेच्या प्लेटा. एका उंच जागेवरून फोटो घ्यायचा, मग मोजलेल्या अंतरावर दुसरीकडे जाऊन त्याच डोंगराचा परत फोटो. फोकल लेंग्थ माहीत, कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते माहीत, म्हणजे फोटोतला प्रत्येक ठिपका हा एक कोन झाला. तोच सुळका दोन्ही फोटोंत सापडला की कागदावर दोन रेघा मारायच्या, छेदतील तिथे सुळका. वर-खालचा कोन घेतला की उंचीही मिळाली. यातली खरी हुशारी म्हणजे डोंगर उघडा पडलेल्या अर्ध्या तासात नुसते फोटो मारायचे आणि मोजायचं काम हिवाळ्यात उप्सालात शेकोटीपाशी बसून करायचं. जिथे वर्षातले चांगले तास मोजके तिथे हे डोकं कामाला येतं. मॅनेजमेंटवाल्यांनी शिकावं.

अर्थात काच जड. ती, कॅमेरा, शिधा, हे सगळं सामी माणसं आणि त्यांचे रेनडिअर वाहून न्यायचे, ओढे कुठे ओलांडायचे ते त्यांना माहीत, डोंगरांची नावं त्यांचीच. नकाशावर खाली सही मात्र एकाचीच येते. ती नावं हाम्बेर्गच्या वेळी एका स्पेलिंगने लिहिली गेली, आता लुले सामी या इथल्या सामी भाषेच्या प्रमाण लेखनाने लिहितात, त्यामुळे जुन्या फोटोवरचं नाव नवीन नकाशात सर्च केलं तर बरेचदा शून्य रिझल्ट. मी इथे सगळं देवनागरीत कानाला आलं तसं लिहितोय, म्हणजे तिसरंच.

माझे बाबा भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते, सातारा जिल्ह्यात, साखळी आणि प्लेन टेबलच्या काळातले, आता तिथे रोव्हर, म्हणजे सॅटेलाईटवाले मोजणी रिसीव्हर, आलेत. निघायच्या आधी फोनवर त्यांना सांगितलं की असा असा डोंगर आहे, एकाने तीस वर्षं मोजला. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "बांध आहे का तिथं कुणाचा?" म्हटलं नाही. "भांडण?" नाही. "मग कशाला मोजला बाबा त्याने?" मी हे बाईंना भाषांतर करून सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की तंबूचा खांब हलला.

बुधवार, स्कार्या आणि मिक्का

उघडलं. स्कार्या म्हणजे सारेकचा चौक, दऱ्या इथे एकमेकींना भेटतात. पूल आहे, आणि एक छोटी हट, कुलूप लावलेली, फक्त एका बाजूला इमर्जन्सी फोन. एवढ्या मोठ्या पार्कात तोच एक फोन. मित्राने रिसीव्हर उचलून बघायची इच्छा व्यक्त केली आणि बाईंनी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

सामान तिथे ठेवून मिक्का हिमनदीकडे गेलो. हाम्बेर्गने ही खूप मोजली, बर्फ कुठपर्यंत येतो, किती वेगाने सरकतो. आमचा प्लॅन साधा होता, त्याच्या फोटोची जागा शोधायची आणि तिथूनच फोटो घ्यायचा. ऐकायला सोपं. जागा शोधायची रीत अशी की फोटोत जवळच्या सुळक्यामागे लांबचा सुळका कुठे डोकावतो ते बघायचं, तुम्ही डावीकडे सरकलात की तो उजवीकडच्या काठामागे लपतो, तर दोन अशा जोड्या जुळवत जुळवत पुढेमागे करत राहायचं. आम्ही तिघं हातात एकेक प्रिंट घेऊन मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने टाकलेल्या, दगडांवर खेकड्यासारखे आडवे चालतोय, लांबून कुणी बघितलं असतं तर तो इमर्जन्सी फोन वापरला असता.

शेवटी जुळलं, निदान बाईंचं समाधान झालं. आकाशाची रेघ तीच, अगदी खाचेला खाच. आणि खाली जिथे फोटोत बर्फाचं फुगलेलं नाक आहे तिथे आमच्यासमोर दगड, वाळू आणि राखाडी पाण्याचे धागे. बर्फ वर, खूप मागे, पातळ झालेला. मी हे ग्राफमध्ये शंभर वेळा बघितलंय, पण प्रिंट डोळ्यासमोरून खाली केला की बर्फ गायब आणि वर धरला की परत हजर, हे तसं नाही होत ग्राफमध्ये.

कागदी नकाशातही बर्फाची हद्द प्रत्यक्षापेक्षा खाली होती. यात नकाशा काढणाऱ्याचा दोष नाही. हवाई फोटो ज्या सालचे त्या सालचा बर्फ. खडकाचे कंटूर पन्नास वर्षं टिकतात, बर्फाचे कंटूर म्हणजे काल रात्रीचं दूध, लवकर बघून घ्यायचे.

रिसीव्हर एका मोठ्या दगडावर तासभर लावून ठेवला. शहरात आम्ही नेटवर्कवरून करेक्शन घेतो आणि सेकंदात दोन सेंटीमीटरवर येतो, इथे रेंजच नाही, म्हणून कच्चा डेटा साठवायचा आणि घरी जाऊन सोडवायचा. शिवाय इतक्या उत्तरेला जीपीएसचे सॅटेलाईट डोक्यावर येतच नाहीत, त्यांच्या कक्षा विषुववृत्ताला ५५ अंशांनी कललेल्या आणि आपण ६७ अंशांवर, तर ते दक्षिणेकडे खाली खाली फिरतात आणि दरीच्या भिंती त्यांनाच झाकतात. रशियन ग्लोनासच्या कक्षा ६५ अंशांच्या आसपास, ते जरा वर येतात. तर इथे दोन्ही लागतात, राजकारण बाजूला.

गुरुवार, बिएलावाल्दा

स्नाव्वावाग्गेतून शॉर्टकट मारून बिएलावाल्दाच्या पठारावर. चाल सोपी, गवत, ऊन. खाली रापाएत्नो नदी शंभर धाग्यांत पसरलेली. दुपारीच तंबू लावला आणि कुणी काही केलं नाही. मित्राने कुठल्या तरी डब्यातून शेंगदाण्याची चटणी काढली जी त्याने एवढे दिवस लपवली होती, यावर नंतर वेगळं बोलू.

शुक्रवार आणि शनिवार, रापाडालेन

रापाडालेन म्हणजे रापाएत्नोची दरी. इथे नकाशाची आणि आमची खरी गाठ पडली.

स्वीडनने २००९ पासून पुढची दहाएक वर्षं अख्खा देश विमानातून लेसरने स्कॅन केला, डोंगराळ भाग शेवटी. विमान लेसरचे ठोके सोडत जातं, परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. झाडावर पडलेल्या एकाच ठोक्यातला थोडा भाग पानांवरून परततो, थोडा फांद्यांवरून, आणि उरला तर शेवटचा जमिनीवरून. सॉफ्टवेअर मग पानं-फांद्या फेकून देतं आणि जमिनीचं स्वच्छ मॉडेल बनवतं, दर दोन मीटरवर एक उंची, उघड्या सपाट जमिनीवर चूक दहाएक सेंटीमीटरच्या घरात. हाम्बेर्गने बघितलं असतं तर रडला असता. माझ्या फोनमध्ये रापाडालेनचं ते मॉडेल होतं, जुन्या पूररेषा, गाळाचे पंखे, नदीने सोडलेली जुनी वळणं, सगळं खोदून काढल्यासारखं दिसत होतं.

आणि समोर विलोची झाडी. पुरुषभर उंच, ओली, एकमेकांत गुंतलेली, खाली पाणी, वर डास, जे कमी झाले असं मी शनिवारी म्हणालो होतो. करवंदाच्या जाळीतून पाठीवर वीस किलो घेऊन तास तास चालायचं, फक्त काटे नाहीत आणि करवंदंही नाहीत. स्पीड ताशी एक किलोमीटर, कधी तेवढाही नाही. मॉडेलमध्ये ही जागा गुळगुळीत मैदान आहे. कारण ज्याने आमचा जीव काढला ते सगळं सॉफ्टवेअरने कचरा समजून वजा केलंय! आम्हीच करतो ते, ऑफिसात, रोज. बटणाचं नावही मला पाठ आहे.

पाण्याचंही तसंच. हा लेसर नियर इन्फ्रारेड असतो, तो पाण्यात शिरत नाही, शोषला जातो नाहीतर भलतीकडे उडतो, त्यामुळे नदी मॉडेलमध्ये सपाट पट्टी. खोली शून्य माहिती. डावीकडच्या हिमनद्यांवरून येणारे ओढे ओलांडताना नेमकी तीच माहिती हवी असते. पाणी दुधी राखाडी, तळ दिसत नाही, दगड गडगडताना ऐकू येतात. बाईंचा नियम ठरलेला, मोठा ओढा पहाटेच. दिवसभर ऊन बर्फावर पडलं की ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, दुपार टळल्यावर ओढा फुगतो, रात्रीच्या गारव्याने उतरतो. आणि जिथे ओढा फाटून पाच-सात धारा झाल्यात तिथे ओलांडायचा, एका धारेत कधी नाही. शुक्रवारी संध्याकाळी एका ओढ्याजवळ पोचलो तेव्हा मित्र म्हणाला जाऊ की, गुडघाभर तर आहे. बाईंनी काठावर दगडाची एक खूण केली, पाण्याच्या कडेला, आणि म्हणाल्या जेवून बघ. जेवल्यावर खूण पाण्यात होती. पहाटे चारला उठून ओलांडला, पिंडरीएवढं पाणी, पण थंडी अशी की पाय आपले आहेत की भाड्याचे ते कळेना.

या दोन दिवसांत एक गोष्ट वारंवार होत होती. मी फोन बघून रस्ता सांगायचो, मित्र समोरची झाडी बघून सांगायचा, आणि बाई दोन्ही ऐकून घेऊन एल्कच्या (मोठ्या शिंगांचं धिप्पाड हरीण) पायवाटेने जायच्या. एल्कना झाडीतले बोळ बरोबर माहीत. रापाडालेनचे एल्क स्वीडनमध्ये त्यांच्या आकारासाठी प्रसिद्ध आहेत, आणि एक आम्हाला दिसला, नदीच्या पलीकडे, शिंगं एवढी की मित्र पहिल्यांदाच सह्याद्रीबद्दल काही बोलला नाही.

काही ठिकाणी माणसांच्या पायांनी झालेली वाट आहे, ती आमच्या नकाशात दिलेली नव्हती. माझ्या मते ते बरोबरच आहे. तुटक वाट एकदा नकाशात रेघ म्हणून आली की लोक रेघेवर भरवसा ठेवून येतात, आणि पुढच्या पुरात नदी ती रेघ खाते. पुण्याचा मित्र याच्या विरुद्ध मताचा, म्हणे माहिती आहे तर द्या, लपवायचं कशाला, लोक हरवले तर? हा वाद शनिवारी रात्रीपर्यंत चालला आणि मिटला नाही.

रविवार, स्किएर्फे

दरीतून वर चढून पठारावर आणि मग स्किएर्फे. ११७९ मीटर, मागून चढ सोपा, आणि पुढे एकदम काही नाही, सुमारे सातशे मीटर सरळ खाली लायताउरे तलाव आणि त्यात रापाएत्नोने ओतलेला डेल्टा. हे दृश्य स्वीडनच्या प्रत्येक टुरिस्ट पोस्टरवर आहे त्यामुळे वर्णन करत नाही.

पण तो डेल्टा म्हणजे आम्ही जे वरती बघून आलो त्याचाच हिशोब आहे. हिमनद्या खडक दळतात, ते पीठ नदी घेऊन येते, तलावात वेग मेला की खाली टाकते. हिरवे बांध, त्यांच्यामधून राखाडी कालवे, पुढे पुढे सरकणारे. डेल्टाचं टोक नकाशात कुठे दाखवायचं हा प्रश्न बाईंना एकदा खरंच नोकरीत पडला होता, त्यांनी काय उत्तर दिलं विचारलं तर म्हणाल्या, "फोटोची तारीख समासात छापा आणि गप्प बसा."

वर कंपास काढून पुण्याच्या पद्धतीने दिशा घेतल्या. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच म्हटली तरी चालते, इथे मात्र आठ-नऊ अंश पूर्वेकडे फरक आहे, दहा किलोमीटरवर दीड किलोमीटरची तफावत. मित्राला हे पटवायला डोंगर दाखवावा लागला.

सोमवार, आक्त्से ते पोर्ते

आक्त्सेच्या हटवर पाव आणि चीज विकत मिळालं. तिथून लायताउरे ओलांडायला वल्हवायच्या बोटी असतात, नियम असा की दोन्ही काठांना किमान एक तरी बोट राहिली पाहिजे. आमच्या काठाला एकच होती. म्हणजे जा, पलीकडून दुसरी बांधून आणा, ती इथे सोडा, परत जा. तीन फेऱ्या, वाऱ्याच्या विरुद्ध. हे गणित शाळेत कोल्हा-बकरी-गवताच्या रूपात आलं होतं तेव्हा हात दुखले नव्हते.

पुढे कुंग्सलेडेन हा खुणा केलेला लांब पल्ल्याचा ट्रेल, फळ्या, जंगल, म्हणजे डोकं बंद करून चालायचं. पोर्तेच्या हटवर मुक्काम. मागे ढगात पोर्ते डोंगरांची रांग, आणि त्यात कुठेतरी पोर्तेचोक्कोवर साधारण १८३० मीटरवर हाम्बेर्गची वेधशाळा. त्याने आपल्यासाठी पार्कात ठिकठिकाणी पत्र्याच्या छोट्या झोपड्या केल्या होत्याच, पण ही वेगळीच गोष्ट. तुकड्या-तुकड्यांत वर नेऊन उभी केलेली इमारत, आणि १९१४ ते १९१८ तिथे माणसं राहिली, हिवाळ्यातसुद्धा, हवामानाच्या नोंदी घेत. खाली युरोपात पहिलं महायुद्ध, आणि इथे वर एक माणूस वाऱ्यात दार उघडून थर्मामीटर वाचतोय. मित्राने विचारलं की बदली कशी मिळायची यांना.

मंगळवार, क्विक्योक्क

सकाळीच पोचलो, बसला वेळ होता. शॉवर, वॅफल, वॅफल.

रेंज आल्याबरोबर मित्राने मागे दिसणाऱ्या शिखरावर फोन रोखला, ते अॅप असतं ना, डोंगराचं नाव सांगणारं. अॅप म्हणालं एक, बाई म्हणाल्या दुसरंच, आणि कागदी नकाशावर पट्टी ठेवून दिशा घेतली तर बाई बरोबर निघाल्या. मिक्काचा तो तासाभराचा डेटा अजून सोडवायचाय, ऑफिसात लंचमध्ये बसीन. वेधशाळेसाठी पुढच्या वर्षी पोरेकच्या बाजूने चढायचं ठरतंय, बाईंना सप्टेंबरचा पहिला आठवडा हवाय आणि मित्राला तेव्हाच गणपतीत पुण्याला जायचंय, तर तारखांवरून ग्रुपवर मारामारी चालू आहे.